फाईल बंद करू नकोस, मामा

पुणे

ती. मामास,


तुझा रिपोर्ट मामीने फोनवर दोनदा वाचून दाखवला. गोळ्या बंद होऊन पाच महिने झाले आणि एचबीएवनसी ५.९! मागून तू ओरडून विचारत होतास तेही ऐकू आलं: विम्याच्या फॉर्मवर मधुमेहापुढे आता ‘नाही’ लिहू ना? याचं उत्तर फोनवर एका शब्दात देण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहितेय.

आधी अभिनंदन, आणि तेही तोंडदेखलं नाही. २०२१ साली अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांच्या तज्ज्ञांनी मिळून एक निकष ठरवला. साखर उतरवणारी सगळी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर मधुमेह ‘रेमिशन’मध्ये गेला असं म्हणायचं. तू त्यात चोख बसतोस. मात्र ‘बरा झाला’ असं म्हणायला ते तयार झाले नाहीत, आणि मला त्यांचं पटतं.

का, ते तुझ्या पोटात काय घडलं यावरून कळेल. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा माणसं, दिवसाला फक्त ६०० कॅलरी, आठ आठवडे. पहिल्या आठवड्यातच त्यांची उपाशीपोटीची साखर जागेवर आली, कारण यकृतातली चरबी झपाट्याने उतरली आणि यकृताने गरज नसताना रक्तात साखर सोडणं थांबवलं. स्वादुपिंडाला मात्र जास्त वेळ लागला. तिथलीही चरबी हळूहळू कमी झाली तशा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. त्या मेलेल्या नव्हत्या, काम विसरल्या होत्या. तू चौदा किलो उतरवलेस तेव्हा तुझ्या आत असंच काहीसं घडलं असणार. शिवाय तुझा आजार चार वर्षांचाच होता. तो मुरून पंधरा वर्षं झाली असती, तर एवढ्याच पथ्याने एवढं पदरात पडलं असतं असं मी म्हणणार नाही.

पण चरबी परत आली की त्या पेशी पुन्हा काम विसरतात. टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी पुढे मोठा अभ्यास केला, त्याचं नाव ‘डायरेक्ट’. कमी कॅलरींच्या आहाराच्या गटात १४९ जण होते. वर्षअखेर त्यातले ४६ टक्के रेमिशनमध्ये होते आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. पुढेही देखरेखीखाली राहिले त्यांच्यात पाच वर्षांनी उरले १३ टक्के. ज्यांचं वजन चढलं, त्यांची साखर बहुधा मागोमाग आली. आपल्याकडे ‘मधुमेहमुक्त’ झालेल्यांचे हार घातलेले फोटो छापून येतात. पाच वर्षांनी त्याच माणसाचा फोटो काढायला कोणी जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा विम्याचं. फॉर्म नीट वाच. बहुधा तिथे ‘निदान कधी झालं होतं का’ असं विचारलेलं असतं, आणि त्याचं उत्तर ‘हो’ हेच आहे. खाली जागा असेल तर रेमिशन, औषधं बंद, तारीख, असं स्वच्छ लिही. चार पैसे हप्ता वाढला तर वाढू दे. ऐन वेळी जुना रिपोर्ट निघून क्लेम अडकण्यापेक्षा ते परवडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ रद्द केलीस म्हणे. ती परत घे. साखर चढलेली असताना डोळ्याच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर, पायाच्या नसांवर जे झालं असेल ते रिपोर्ट सुधारला म्हणून पुसलं जात नाही. उलट साखर फार भराभर उतरली तर क्वचित पडद्याचा त्रास वाढतोही. डोळे, लघवीतलं प्रथिन, पाय हे दरवर्षी, आणि एचबीएवनसी वर्षातून एकदा तरी.

आणि आता माझ्यातल्या लॅबवालीचं एक. एचबीएवनसीचा आकडा तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचा असतो, आणि त्या पेशी जगतात साधारण १२० दिवस. मध्यंतरी तुझं मूळव्याधीचं रक्त जात होतं ना? रक्त गेलं की शरीर नव्या पेशी सोडतं, त्यांच्यावर साखर चढायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो, आणि आकडा खोटाच कमी दिसू शकतो. म्हणून येशील तेव्हा हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखरही करू. ५.९ खरा निघाला तर मीच पेढे वाटीन, तू अर्धा खा.

मामीला सांग, आमरस बंद नाही. वाटी लहान, आणि त्या दिवशी पोळी कमी. वजनकाट्यावर मात्र आठवड्याला उभा राहा. दोन-तीन किलो वाढलेले दिसले तर तिथेच आवर, दहाची वाट बघू नकोस.

आता तुमच्या अमेयबद्दल. तो काटकुळा आहे म्हणून त्याला काही होणार नाही, असं मामी म्हणाली. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो आणि आतून जाड असतो. अमेय पस्तिशीला आलाय, बाप मधुमेही, दिवसभर खुर्चीत. तुझ्याबरोबर त्यालाही उपाशीपोटी घेऊन ये. मी साडेसातला लॅब उघडते.

तुझी,
मंजू