रबराचा पीळ

वार्तापत्राच्या संपादिकाबाईंचा निरोप आला, "या खेपेला वर्गणीची आठवण सोडून दुसरं काहीतरी लिही." मंडळात माझी ओळख दोनच कामांपुरती आहे: हॉलमधल्या खुर्च्या लावणारा आणि वर्गणी मागणारा. पीएच.डी. असल्यामुळे ज्येष्ठ मंडळी मला डॉक्टर म्हणतात आणि मग नव्याने आलेल्या एखाद्या आजी विश्वासाने गुडघे दाखवतात. मी रसायनशास्त्रातला, त्यातही रबराचा. रबर म्हातारं कसं होतं यावर चार वर्षं घालवून प्रबंध लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची फजिती नेमकी रबराचीच आहे.

आपल्या उन्हाळी सहलीला येणारी ती लाल, बिनछपराची, बसकी, दोन सीटांची गाडी बहुतेकांनी पाहिली असेल. मुलं रांग लावून तिच्यातून एकेक फेरी मारतात. ती आपल्या काकांनी स्वतःच्या हाताने बांधलेली आहे. (नाव छापायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. ओळखणारे ओळखतीलच.)

घरी गाडी बांधणं हा इंग्लंडातला जुना नाद. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी काढली, ती सुट्या भागांतही मिळे. तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून पगारदार माणसं गॅरेजमध्ये बसून ती जोडत. १९७३ ला व्हॅट आला आणि ती सवलत गेली, पण नाद राहिला. पुढे १९९६ मध्ये रॉन चँपियन या शिक्षकाचं पुस्तक निघालं: अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी. काकांनी ते घेतलं, भंगारातली एक फोर्ड एस्कॉर्ट आणली, चौकोनी नळ्या कापून चेसिस वेल्ड केली आणि तीन वर्षं काकूंची गाडी रस्त्यावर उभी राहिली. अडीचशे पौंड कधी संपले ते काका अजून सांगत नाहीत.

पण खरं मूळ त्या पुस्तकात नाही, इचलकरंजीत आहे. काका मूळचे तिथले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळा सातवीपर्यंतच झालेला माणूस. पहिलं मॉडेल १९४९ मध्ये तयार झालं आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ते सुधारून नवनवीन करत राहिले. गाडी कारखान्यात बनून बाजारात काही आली नाही. काकांनी लहानपणी ती रस्त्यावरून जाताना पाहिली आणि तिच्यामागे धावले, तेव्हापासून हे खूळ डोक्यात. मीराच्या सस्पेन्शनमध्ये पाटे नव्हते, रबर होतं, हे मला काकांनी इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या मुलीलाही ते पाठ आहे.

गेल्या काही वर्षांपासून काकांना पार्किन्सन आहे. लायसन्स त्यांनी आपणहून परत पाठवलं. पाना हातात धरवत नाही. गाडीची देखभाल माझ्याकडे आली ती अशी. दोन हिवाळ्यांपूर्वी मागच्या सस्पेन्शनचे सगळे बुश मी एका शनिवार-रविवारात बदलले आणि सौ.ला अभिमानाने काळे हात दाखवले.

यंदा क्लच सोडला की मागून 'ठक्' असा आवाज येऊ लागला. वळणावर स्टिअरिंग न फिरवता गाडी स्वतःच थोडी वळे. एम.ओ.टी. करणाऱ्याने पहारीने मागचा ॲक्सल हलवून दाखवला. बुश गेले होते. तिकडे काकांच्या मुलाचं एकच म्हणणं होतं, विकून टाका. काकूही शेवटी म्हणाल्या, "हे बघ, तू तरी किती दिवस याच्यात घालवशील? या वेळी एम.ओ.टी. झाली नाही तर गाडी जाईल." काका आत बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

ज्यांना बुश म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागचा ॲक्सल चेसिसला चार लांब दांड्यांनी आणि एका आडव्या दांडीने बांधलेला असतो. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक बुश, म्हणजे एकूण दहा. बुश म्हणजे एकात एक घातलेल्या दोन पोलादी नळ्या आणि मधल्या जागेत रबर, दोन्हींना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट आतल्या नळीतून जातो.

मी काम सुरू केलं, काका गॅरेजच्या दारात गुडघ्यावर शाल घेऊन खुर्चीत. एका वेळी एकच दांडी सोडायची, म्हणजे ॲक्सल जागचा हलत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. पहिला बोल्ट आतल्या नळीत गंजून असा बसला होता की तेल, हातोडा, पुन्हा तेल, असं करता करता जेवायची वेळ झाली. शेवटी करवतीने कापला. व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठा ठेवून दाबल्यावर जुना बुश बाहेर आला. रबर आतल्या नळीपासून अर्ध्यावर फाटलं होतं आणि कडेला बारीक भेगांची जाळी. दोन हिवाळ्यांत! मी कंपनीला दोष द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले,

"डॉक्टर, मागच्या वेळी बोल्ट कुठे आवळलेस?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"चाकं जमिनीवर होती का लोंबकळत?"

गाडी स्टँडवर होती. चाकं हवेत.

"मग हे बुश जन्मल्यापासून पिळलेलंच होतं की रे."

मंडळी, मला खरोखर खाली बसावंसं वाटलं. या बुशमध्ये काहीच घसरत नाही. चाक वरखाली झालं की रबर स्वतः पिळतं आणि परत येतं. बोल्ट आवळताना दांडी ज्या कोनात असेल तोच त्या रबराचा आरामाचा कोन ठरतो. मी ॲक्सल खाली लोंबकळत असताना आवळला. मग गाडी जमिनीवर ठेवली तेव्हाच दहाच्या दहा रबरं पिळली गेली. हा कोन मी नंतर मोजला, बारा अंश भरला. गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असतानाही, रात्रंदिवस, त्यांना सुटका नाही. आणि हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावरच भेगा पाडतो. ताण नसेल तर त्याचं फारसं चालत नाही. हे माझ्या प्रबंधात आहे. विद्यार्थ्यांना काचेच्या बरणीत करून दाखवलंय. पण बोल्ट आवळताना ते डोक्यात आलं नाही!

मी सुचवलं की या वेळी पॉलियुरेथेनचे बुश घालू. ते नळीवर मोकळे फिरतात, पिळायचा प्रश्नच नाही. काका म्हणाले, "ते कडक असतात. ग्रीस सुकलं की कुरकुरतात. माझ्या पाठीला आता ते परवडायचं नाही." मग मीरा आली, आणि मीरापाठोपाठ मिनी. १९५९ च्या मिनीलाही स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू होते, ते ॲलेक्स मोल्टन यांचे. या मोल्टनचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी १८४२ मध्ये चार्ल्स गुडइयरच्या रबराचे नमुने अमेरिकेतून इंग्लंडला आणले. ते थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले, आणि हे रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट का होत नाही याचा छडा त्याने लावला तो गंधकाच्या अंशावरून. पेटंटही इथे त्यालाच मिळालं. गुडइयर बिचारा कर्जात मेला. हा भाग मात्र मी काकांना सांगितला, थोडी इज्जत राखायला.

नवे बुश आदल्या रात्री काकूंच्या फ्रीझरमध्ये, पुरणपोळ्यांच्या डब्यावर ठेवले होते. ३२ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी उणे १८ अंशांवर नेली की साधारण दीड शतांश मिलिमीटर आकसते. एवढ्याशाने काय होणार, असं काकूंनी विचारलं. व्हाइसच्या दांड्यावर जोर लावणाऱ्याला तो फरक कळतो. जिथे वंगण लागलं तिथे साबणाचं पाणी वापरलं, तेल नाही. तेलाने रबर फुगतं.

संध्याकाळी सगळे बोल्ट हाताने नुसते अडकवून गाडी खाली घेतली. चारी चाकं जाड फळ्यांवर, पुढेमागे पाचरी, म्हणजे मला खाली शिरता यावं. पण गाडी जेमतेम सहाशे किलोची. दोन माणसं बसली की वजन जवळजवळ पाव पटीने वाढतं. काका म्हणाले, रिकामी आवळलीस तर अर्धंच काम झालं. मग माणसं कुठून आणायची?

काकूंनी ओढणी सावरली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. काकांना मी खांद्याखाली धरून स्टिअरिंगमागे बसवलं. लायसन्स परत पाठवल्यानंतर ते पहिल्यांदाच त्या सीटवर बसत होते. "हलवा जरा," मी म्हटलं. दोघांनी जागच्या जागी तीन-चार हिसके दिले, गाडी वरखाली होऊन आपल्या उंचीला आली. बाहेर बारीक पाऊस सुरू झालं होतं. मी खाली शिरलो आणि टॉर्क रेंचने एकेक बोल्ट आवळत गेलो. वरून काकूंचा आवाज येत होता, "अहो, हात थरथरतोय तुमचा." आणि काकांचा, "इंजिन चालू आहे असं समज."

दहावा बोल्ट झाल्यावर मी ओरडून सांगितलं, झालं, उतरा. कोणी उतरलं नाही. मी आणखी जरा वेळ खालीच पडून राहिलो.

एम.ओ.टी. झाली. सहलीला गाडी येतेय. चालवणार मी, पहिल्या फेरीला शेजारी काका, मुलांची रांग त्यानंतर. ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांनी तेव्हाच माझ्याकडे द्यावी. माझे हात काळे असले तर काकूंकडे.