टॉप लोड, फुल टेन्शन!

नवा मोबाइल घ्यायचा तर आपण एकटे खूश झालो की काम भागतं. वॉशिंग मशीनचं तसं नाही राव! तिथे गच्चीवरची टाकी, बाथरूमचा नळ, आईचं मनगट आणि बाबांचं बजेट अशा सगळ्यांची परवानगी लागते. आमचं तेरा वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक दिवाळीनंतर कायमचं बसलं. मेकॅनिकने तळाचा गंजलेला पत्रा दाखवला, ‘आता यात पैसे घालू नका’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तेव्हापासून डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत जेवताना दुसरा विषय नव्हता.

फ्रंट लोड पहिल्याच संध्याकाळी बाद झालं. पाणी कमी लागतं, कपडे स्वच्छ निघतात, सगळं मान्य. पण आईचे गुडघे दुखतात, दर वेळी वाकून कपडे काढणं तिला जमणारं नाही. शिवाय ‘मध्येच सोफ्याखाली एक मोजा सापडला तर?’ हा तिचा प्रश्न. टॉप लोडमध्ये झाकण उघडायचं आणि टाकायचा. विषय कट.

खरी मारामारी पुढे होती. सेमी की फुल्ली? मी अर्थातच फुल्लीच्या पार्टीत. आई सेमीच्या. आणि तिचं म्हणणं नुसतं ‘आमच्या वेळी’ टाइप नव्हतं. सेमीत एकदा भरलेल्या साबणाच्या पाण्यात ती आधी पांढरे कपडे काढते, मग रंगीत, शेवटी पायपुसणी आणि फडकी. एका पाण्यात तीन घाणे. फुल्ली मशीन प्रत्येक लोडनंतर ते पाणी सरळ ओतून टाकतं. वर ड्रायरचा मुद्दा. सेमीचा छोटा ड्रायर मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे मारतो, फुल्ली टॉप लोडचा मोठा ड्रम साधारण ७००. म्हणजे पिळून निघालेले कपडे सेमीचेच जास्त कोरडे. जुलैमध्ये चार दिवस दोरीवर लटकणारी जीन्स ज्यांनी पाहिलीय, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. कागदावर आई जिंकत होती.

मग मी वजनकाटा काढला. एक डबल बेडशीट आणि दोन जीन्स, कोरड्या असताना अडीच किलो. भिजवून, निथळत्या उचलल्या तर साडेसहाच्या वर! सेमीत हा गोळा आधी वॉश टबमधून ड्रायरमध्ये, खळबळायला परत टबमध्ये, पुन्हा ड्रायरमध्ये. हे सगळं ज्या मनगटाने होतं, त्याला डॉक्टरांनी कपडे पिळायची बंदी घातलीय. आई ती बंदी पाळते, पिळत नाही. उचलते. मशीनपाशी उभं राहण्यात तिची अख्खी सकाळ जाते, ती कुठल्याच ब्रोशरमध्ये मोजलेली नसते. मी एवढंच म्हटलं, की पाणी वाचवायचं ते तुझ्या हाताने नको. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘बघून तरी येऊ.’

शोरूममधला मुलगा भारी उत्साही. इतके प्रोग्रॅम, तितके प्रोग्रॅम, साडीचा वेगळा, ब्लँकेटचा वेगळा. (आपण आयुष्यभर ‘नॉर्मल’ सोडून दुसरं बटण दाबत नाही, हे त्यालाही माहीत असावं.) मोटरवर १० वर्षं वॉरंटी, हे झाकणावर ठळक अक्षरांत. आख्ख्या मशीनवर मात्र दोनच, आणि ते बारीक टायपात. मोटर सहसा टिकते हो, जातं ते इलेक्ट्रॉनिक सर्किट, पीसीबी. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न पीसीबीचा विचारा, स्टिकरच्या रंगाचा नंतर.

आमची गाडी अडली ती प्रेशरवर. आम्ही टॉप फ्लोअरवाले. टाकी डोक्यावरच, म्हणजे नळाला जोर नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी नळाच्या जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. एका मॉडेलच्या माहितीपत्रकात किमान ०.३ बार छापलं होतं. तुम्हीही घरी बादली लावून बघा. आमची १५ लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागतात. या हिशेबाने ५० लिटर भरायला तेरा मिनिटं, आणि असं दोन-तीनदा. बरीच मशिन्स एवढा वेळ वाट बघत नाहीत, एरर दाखवून गप्प बसतात. कमी प्रेशरवर चालणारी मॉडेल्स मिळतात, फक्त ‘चालेल ना?’ असं न विचारता आकडा विचारायचा. झाकण पूर्ण उघडून उंचीही मोजायची. आमच्या मोरीत वर फळी आहे, तिने एक छान मॉडेल बाद केलं.

दोन उरली. किंमत जवळपास सारखी, दोन्ही सात किलोची. मी कॉइन टॉस करायच्या मूडमध्ये. तेवढ्यात आईने विचारलं, ‘याचं पाणी बादलीत सोडता येतं का?’ मुलगा गडबडला. आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. तेव्हा कळलं, की स्वस्तातल्या बऱ्याच टॉप लोडना पंप नसतो. पाणी उतारानेच जातं, त्यामुळे पाइप जमिनीलगतच हवा, बादलीच्या काठावर चढवला की पाणी अडतं. दोघांपैकी एकात ड्रेन पंप होता. बाराशे रुपये जास्त. बाबांनी कार्ड काढलं.

मशीन येऊन तीन आठवडे झालेत. शेवटच्या रिन्सचं पाणी मोरीतल्या जुन्या ड्रममध्ये जातं, पाइप धरायची ड्यूटी बाबांकडे. त्यावर फरशी पुसली जाते, संडास धुतला जातो, पायपुसणीही आधी त्यातच भिजतात. आई ‘नॉर्मल’ लावून पेपर वाचते, पण कान मशीनकडे. जुलैतल्या जीन्सचं काय होतं ते बघायचंय. तिने हॉलमध्ये पंख्याखाली दोरीसाठी खिळे मात्र आत्ताच ठोकून घेतलेत.