चाक किती आत, किती बाहेर?

मुलांनो, आपल्या गोंदिया जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. देवरी, कोहमारा ही गावं त्याच रस्त्यावरची. रात्रंदिवस तिथून ट्रक धावत असतात. एखादा ट्रक धाब्यापाशी उभा दिसला, की लांबूनच त्याच्या चाकांकडे नीट पाहा. पुढच्या चाकाची मधली तबकडी बाहेर फुगलेली दिसेल, पालथ्या घातलेल्या परातीसारखी. मागच्या जोडचाकांतलं बाहेरचं चाक मात्र खोलगट दिसेल, उताण्या परातीसारखं. तुम्ही म्हणाल, ही दोन वेगळी चाकं असतील. नाही बरं का! बहुतेक ट्रकमध्ये ते एकच चाक असतं, फक्त उलटं करून बसवलेलं. म्हणून तर एकच स्टेपनी पुढेही चालते आणि मागेही.

आता गंमत ऐका. ही परात चाकाच्या बरोबर मधोमध नसते. ती थोडी एका बाजूला असते, म्हणूनच उलटं केल्यावर चाक आत किंवा बाहेर सरकतं. मधल्या रेषेपासून तबकडी किती सरकलेली आहे, त्या अंतराला गॅरेजवाले ‘ऑफसेट’ म्हणतात. तबकडी बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल, तर ऑफसेट अधिक. तेव्हा टायर गाडीच्या पोटात जातं. तबकडी आतल्या बाजूला असेल, तर ऑफसेट उणे. तेव्हा टायर बाहेर येतं. बरोबर मधोमध असेल, तर शून्य. गणिताच्या तासाला अधिक-उणे संख्या कशाला शिकायच्या, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेल ना?

दुसरा शब्द ‘बॅकस्पेसिंग’. चाकाच्या आतल्या काठापासून तबकडी जिथे हबला टेकते तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकस्पेसिंग. ते मोजायला मोठं यंत्र लागत नाही. टायर न चढवलेलं चाक जमिनीवर पालथं ठेवायचं, म्हणजे त्याची आतली बाजू वर येते. काठावर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि दुसऱ्या पट्टीने खाली तबकडीपर्यंत मोजायचं. झालं!

प्राथमिक शाळेतल्या बाईला हे सगळं कशाला हवं, असं तुमच्या आईबाबांना वाटेल. सांगते.

मागच्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा एकाएकी गप्प गप्प राहू लागला. गृहपाठ अर्धा, डबा तसाच. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारलं, तेव्हा म्हणाला, “घरी बाबा अन् दादा बोलत नाहीत जी मॅडम.”

“काहून रे?”

“चाकावरून.”

त्याच्या बाबांची एक पिकअप आहे. बाजाराच्या दिवशी भाजीपाला आणि हंगामात धानाची पोती वाहायची, त्यावर घर चालतं. दादा सतरा-अठरा वर्षांचा, माझाच जुना विद्यार्थी. त्याने मोबाइलवर परदेशातल्या बुटक्या केलेल्या गाड्या पाहिल्या. गाडीचं पोट जमिनीला टेकेल इतकं खाली, रुंद चकचकीत चाकं! आपली पिकअपही तीन इंच खाली घ्यायची आणि सहा इंचांच्या जागी आठ इंच रुंदीची चाकं टाकायची, असं त्याने ठरवलं. धानाचे पैसे नुकतेच आले होते. बाबा म्हणाले, “एक पैसा मिळणार नाही.” का मिळणार नाही, ते मात्र सांगितलं नाही. दादाने जेवणाचं ताट बाजूला सारलं. आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

खरं सांगू? मला दादाचा राग आला नाही. गाड्या खाली घेण्याचा हा छंद जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तो वाढवला. गाडी खाली असावी, हळू चालावी आणि लोकांनी पाहावी, ही त्यांची हौस. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथे कायदा आला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिंगच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. तेव्हा रॉन अगिरे नावाच्या कारागिराने 1959 च्या सुमारास गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबली की गाडी वर, दाबली की खाली! म्हणजे या हौसेतही डोकं चालवावं लागतंच.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, “दादाला शनिवारी शाळा सुटल्यावर बोलाव. बाबांनाही घेऊन ये, आणि येताना पिकअप आणा. आपण मोजून पाहू.”

ते आले. बाबा एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. चार-पाच मुलं पट्ट्या आणि दोरी घेऊन तयार होतीच. फळा आम्ही व्हरांड्यात आणून ठेवला.

आधी जुनं चाक. दादाने त्यावरचे आकडे वाचले. रुंदी 6 इंच, ईटी 25. ईटी ही अक्षरं जर्मन शब्दावरून आली आहेत. त्यांच्यापुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधला ऑफसेट. 25 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ 1 इंच. चाकाच्या दोन्ही काठांची जाडी मिळून साधारण 1 इंच धरतात, म्हणून काठापासून काठापर्यंत 7 इंच. त्याचे अर्धे साडेतीन. त्यात ऑफसेटचा 1 इंच मिळवला, की बॅकस्पेसिंग साडेचार इंच. म्हणजे हबपासून आत साडेचार आणि बाहेर अडीच.

आता दादाच्या मनातलं चाक. रुंदी 8 इंच, ऑफसेट शून्य. काठापासून काठापर्यंत 9, अर्धे साडेचार. ऑफसेट शून्य, म्हणून बॅकस्पेसिंगही साडेचार.

“बघा!” दादा म्हणाला. “आत तेवढंच आहे. दुकानदार सांगत होता, काही घासणार नाही.”

दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण आमच्या वर्गातली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “मॅडम, बाहेर किती?” बाहेरही साडेचार! आधी अडीच होतं, म्हणजे चाक तब्बल 2 इंच बाहेर येणार. मुलांनी मोजलं, तर मडगार्डची कड टायरच्या बाहेर जेमतेम 1 इंच होती. म्हणजे टायर मडगार्डच्या बाहेर 1 इंच डोकावणार. पावसाळ्यात चिखल उडणार तो उडणारच, शिवाय गाडी दबली की ती कड थेट टायरवर बसणार.

मग दादाने फळ्यावर दुसरा हिशेब मांडला. आठ इंचीच चाक, पण ऑफसेट अधिक 25. बॅकस्पेसिंग साडेपाच, बाहेर साडेतीन. बाहेर 1 इंच वाढ, म्हणजे टायर कडेच्या बरोबरीने आलं. पण आतही 1 इंच वाढला. स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलं, तर पुढच्या टायरच्या आतल्या अंगाला पाऊणच इंच जागा उरत होती. म्हणजे वळताना टायर आत घासणार. टायरचं पोट रिंगच्या बाहेर फुगतं, ते तर आम्ही अजून धरलंच नव्हतं.

एवढ्या वेळ गप्प उभे असलेले बाबा तेव्हा बोलले. “मॅडम, हे तर आमच्या ट्रॅक्टरचंच झालं जी!” ते तरुणपणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक होते. ट्रॅक्टरची मागची चाकं उलटसुलट बसवून त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता येतं. ओळीतल्या पिकात चालवायचं, तर ते ओळींना जुळवावं लागतं. ऑफसेट हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता, पण ते काम त्यांच्या हातांनी कितीदा तरी केलं होतं. ते दादाकडे वळून म्हणाले, “पाण्याची भरलेली बादली अंगाला चिकटून धर, मग हात लांब करून धर. खांदा काय म्हणते ते पाय. चाक बाहेर काढलं, की हबच्या बेअरिंगचं तसंच होते.”

किती बरोबर! चाक बाहेर सरकलं, की बेअरिंगवरचा ताण वाढतो. खड्डा लागला, की स्टिअरिंगला जास्त हिसका बसतो.

शेवटचं माप उंचीचं. रिकाम्या गाडीत मागच्या टायरच्या माथ्यापासून मडगार्डपर्यंत 5 इंच जागा होती. धानाची पोती भरली की गाडी 3 इंच दबते, असं बाबांनी सांगितलं. उरले 2. गाडी 3 इंच खाली घेतली तर? वर्ग एका सुरात ओरडला, “उणे एक!” उणे एक इंच जागा म्हणजे टायर मडगार्डमध्ये घुसणार, आणि तेही भरल्या गाडीत, भर रस्त्यात.

दादा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही हेच सांगितलं असतं तर...” बाबा म्हणाले, “मला तरी कुठे असं मांडता येत होतं?” आणि दोघंही हसले. धाकटा मात्र हसला नाही. तो पट्टी घेऊन चारही चाकं पुन्हा मोजत सुटला!

पालकांसाठी एक गोष्ट सांगते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांना आडवं येतं. कारखान्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. मालवाहू गाडीला ठरावीक काळाने तपासणीला न्यावं लागतं, तिथेही हे अडतं. पण घरातल्या तरुण मुलाला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. ‘नाही’च्या मागचं माप त्याच्या हाती द्या. आपल्याला ते मांडता येत नसेल, तर दोघांनी मिळून मोजा.

ती पिकअप अजून जुन्याच चाकांवर धावते आहे. दादाने यंदा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. धाकट्याचा डबा आता रिकामा होऊन घरी जातो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. जाड पुठ्ठ्याची 8 सेंटिमीटर रुंदीची पट्टी गोल वळवून चिकटवा. आत पुठ्ठ्याची तबकडी बसवा, पण मधोमध नाही. एका काठापासून 5 सेंटिमीटरवर. तो काठ गाडीच्या बाजूला धरला, तर बॅकस्पेसिंग किती आणि ऑफसेट किती? अधिक की उणे? मग चाक उलटं करा आणि पुन्हा सांगा. वहीत आकृती काढा आणि घरात ज्यांना गाडी चालवता येते त्यांना ती दाखवा. त्यांना नक्की काहीतरी सांगावंसं वाटेल. ते सांगतील तेही वहीत लिहून ठेवा.