न विचारलेला प्रश्न

धडा संपला की शिक्षक विचारतात, "समजले का सर्वांना?" सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. परंतु त्या एका सुरात कित्येकांच्या शंका बुडून जातात. चुकलो तर हसे होईल, या भीतीने अनेक मुले मनातला प्रश्न मनातच ठेवतात; आणि न बोलणारा मुलगा पुष्कळदा मंद समजला जातो. हा न्याय खरा नव्हे.

मुंबईत चेंबूरच्या पूर्वेस, मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेले हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग आहे. भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी यांनी प्रारंभी त्याची धुरा वाहिली. मुंबई महापालिकेच्या शाळांत शिकणाऱ्या गरीब घरांतील मुलांमध्ये केंद्राने काम केले. या मुलांची बुद्धी उणी नव्हती. पुस्तकांची अवघड भाषा त्यांच्या वाटेत आड येत होती. तेच विज्ञान सोप्या भाषेत समोर आले आणि बोलण्यास, विचारण्यास वाव मिळाला, तेव्हा ती मुले पुढे आली.

बोलण्याने विचार कसा पुढे सरकतो, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल. बर्फाचे पाणी भरलेला काचेचा पेला बाहेरून ओला होतो. असे का होते? एखादा विद्यार्थी म्हणेल, "पेला झिरपतो." उत्तर चुकीचे खरे, पण ते उघड बोलले गेले, म्हणून पारखता येते. दुसरा सुचवेल, "पाण्यात शाई घालून पाहू." शाई घातली, तरी बाहेरचे थेंब स्वच्छच दिसतात. तिसरा शेजारी साध्या पाण्याचा पेला ठेवील. तो कोरडाच राहतो. मग उलगडते, की हवेतील बाष्पच थंड काचेवर पाणी होऊन बसले आहे.

पहिला विद्यार्थी गप्प बसला असता, तर वर्गाने उत्तर पाठ केले असते आणि शंका तशीच उरली असती. त्याच्या चुकीने सर्वांना शोधाची वाट दाखवली.

वर्गात हात वर करण्यास धैर्य लागते. परंतु ते धैर्य टिकते, ते न हसता ऐकून घेणाऱ्या सोबत्यांमुळे.