स्मारकाजवळून जाणारी वाट

लिव्हरपूलहून बोटीनें निघून आम्ही घरचीं चार मंडळी आइल ऑफ मॅन बेटाच्या डग्लस बंदरीं उतरलों, तेव्हां शर्यतींचा हंगाम सरला होता. आयरिश समुद्रांतील या चिमुकल्या बेटास स्वतःचें विधिमंडळ व स्वतःचे कायदे आहेत. इंग्लंडांत सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठीं बंद ठेवण्यास मनाई होती. येथील विधिमंडळानें १९०४ सालीं मोटारींच्या शर्यतीसाठीं ती मुभा दिली. पुढें १९०७ सालीं मोटारसायकलींच्या 'टी. टी.' शर्यती सुरू झाल्या व १९११ पासून त्या डोंगरावरील वाटेनें होऊं लागल्या.

पावणेअडतीस मैलांचा तो फेरा पाहून प्रथम निराशाच झाली. हा तर रोजच्या रहदारीचा रस्ता! दोहों बाजूंस घरें, दगडी कुंपणें, मध्येंच पूल. पुढें स्नेफेल डोंगराची उघडी चढण. परंतु वळणें मोजतां मोजतां आमची मोजणी चुकली, तेव्हां या रस्त्यानें घडविलेल्या एका यंत्राचें मर्म ध्यानांत आलें.

तें यंत्र म्हणजे 'मँक्स नॉर्टन'. मँक्स म्हणजे या बेटाची. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कारखान्यानें १९४७ पासून १९६२ पर्यंत ही गाडी खास शर्यतींसाठीं बांधली. तिला सिलिंडर एकच. प्रतिस्पर्धी इटालियन गाड्यांना चार. बळांत जें उणें पडे, तें ती वळणावर भरून काढी. १९५० सालीं बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनीं योजिलेली चौकट नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांस लाभली. तिच्यावर स्वार इतका निश्चिंत बसे कीं तिचें नांवच 'पिसांची गादी' पडलें. १९६१ सालीं माइक हेलवुड यांनीं मँक्सवरच येथील सीनियर शर्यत ताशीं शंभर मैलांहून अधिक सरासरी वेगानें जिंकली.

डोंगरावर एके ठिकाणीं दगडी स्मारक दिसलें. तें जिमी गथ्री यांचें. मँक्सच्या आधींच्या एकसिलिंडरी नॉर्टनवर त्यांनीं या बेटांत अनेक विजय मिळविले होते. १९३७ च्या सीनियर शर्यतींत येथेंच त्यांची गाडी बंद पडली. त्याच वर्षीं ऑगस्टांत जर्मनींतील शर्यतींत त्यांचा अंत झाला.

आमच्या आत्याबाई बराच वेळ तेथें उभ्या होत्या. "यांना मूलबाळ होतें का रे?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं सांगितलें, पुत्र होता. त्याचेंही नांव जिमी. १९६६ सालीं त्यानें याच रस्त्यावर, नॉर्टनवरच, सीनियर मँक्स ग्रां प्री जिंकली. प्रत्येक फेऱ्यांत तो या स्मारकाजवळूनच गेला.

"आणि घरच्यांनीं त्याला जाऊं दिलें?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. १९११ पासून या रस्त्यानें अडीचशेंहून अधिक स्वारांचा बळी घेतला आहे. बापाची पोथी मुलानें उघडली तर आपणांस धन्यता वाटते. बापाची अशी वाट मुलानें धरली, तर त्यास काय म्हणावें?

आत्याबाईंनीं स्मारकास हात जोडले व मोटारीकडे वळतांना त्या म्हणाल्या, "जिंकला तें असूं दे. परत आला, हें चांगलें झालें."