पेंढ्यातले चार तास

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांचे १ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा चिंपांझींची आठवण निघणे साहजिकच होते; परंतु अंतःप्रेरणा, म्हणजे कारणे हाती येण्याआधीच मनाला पटलेली खूण, लहान मुलाला भरवशाची कशी वाटू लागते हे पाहायचे असेल, तर गोम्बेच्या जंगलाआधी इंग्लंडमधल्या एका खुराड्यात डोकवावे लागते. एवढे मोठे अंडे बाहेर येण्याजोगी वाट कोंबडीला असते तरी कुठे, याचे पटेल असे उत्तर कोणीच देईना, म्हणून साडेचार वर्षांची जेन एका कोंबडीमागोमाग खुराड्यात शिरली आणि कोंबडी बिचकून पळाली. मग दुसऱ्या, रिकाम्या खुराड्यात पेंढ्याआड सुमारे चार तास दबा धरून बसल्यावर तिला अंडे पडताना दिसले. घरचे शोधून हैराण झाले होते, तरीही आईने रागे न भरता ती हकिकत ऐकून घेतली, ही गोष्ट अंड्याहून लहान नव्हे.

कारणांआधीच खूण टिपणे प्राण्यांनाही जमते. बर्लिनमधला हान्स हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असा बोलबाला होता, तो ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये मोडीत काढला. घोडा विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीक हालचाल टिपत असे. तो गणितात नापास झाला खरा, पण माणसे वाचण्यात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

बोर्नमथला शेजारच्या हॉटेलातला रस्टी हा काळा कुत्रा जेनचा सोबती होता, आणि प्राण्यांना स्वभाव असतो हे तिला त्याच्याकडूनच कळले होते. म्हणूनच १९६० मध्ये गोम्बेत डेव्हिड ग्रेबिअर्ड हा चिंपांझी वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढताना दिसला, तेव्हा त्याला आकडा न देता नाव देणे गुडाल यांना वावगे वाटले नव्हते. पुढे केंब्रिजच्या विद्वानांनी या नावांना नाके मुरडली. एका संपादकाने तर त्यांच्या लेखातले ‘तो’ आणि ‘ती’ खोडून निर्जीव वस्तूंचे ‘इट’ घातले, जे गुडाल यांनी पुन्हा खोडले. त्या संपादकाला क्षमा करणे आजही जड जाते.

मराठीत ही खोडाखोड निराळीच झाली असती, कारण कोंबडी ‘ती’, कुत्रा ‘तो’, आणि कोकरू, वासरू, मूल ही सारी ‘ते’. पेंढ्यावर पडलेले अंडेही ‘ते’च.