फटफटी आणि पैलवान

आगगाडीला आपण आगीवरून नाव दिले, दुचाकीला चाकांवरून. पण मोटारसायकलला मराठी माणसाने नाव दिले ते तिच्या आवाजावरून. फटफटी! ध्वन्यनुकारी शब्द शिकवताना हा शब्द मी फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरची पेंगणारी मंडळीसुद्धा डोळे उघडतात. अलीकडे मात्र एक पंचाईत होऊ लागली आहे. त्यातली निम्मी मंडळी विजेवरच्या गाडीने कॉलेजात येतात, आणि ती गाडी मांजरीच्या पावलाने येऊन उभी राहते. फटफटी हा शब्द लवकरच मला अर्थासकट शिकवावा लागणार, अशी चिन्हे आहेत.

माझ्या आवडीच्या फटफट्या तीन. तिन्ही आता म्हाताऱ्या झाल्या; पण मी त्यांना मनातल्या मनात पैलवानच म्हणतो. आजोळ कोल्हापूरचे असले की माणसाला यंत्रातही तालीम दिसते, त्याला काय करावे!

पहिली जावा. जानेचेक या चेक कारखानदाराने 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ असा सुटसुटीत समास केला. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून ती आपल्याकडे निघू लागली; पुढे तीच येझदी झाली. अडीचशे सीसीचे इंजिन, सिलिंडर एकच, पण धुराच्या नळ्या दोन! गंमत म्हणजे किक मारायचा दांडा आणि गिअर बदलायचा दांडा एकच. आमचे गणिताचे मास्तर शाळेत जावावरून येत. तो दांडा आत दाबून, वर उचलून ते किक मारीत आणि त्याच पायाने गिअर टाकून चालू लागत. एका पदाची दोन उत्तरे असू शकतात, हे आम्हाला वर्गात कळण्यापूर्वी फाटकाशी कळले. जावा हा चपळ, अंगाने हलका गडी. लोळवणार नाही, पण हातीही लागणार नाही.

दुसरी राजदूत साडेतीनशे. जपानच्या यामाहाची ही गाडी 1983 साली एस्कॉर्ट्‌सने इथे आणली. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि पहिल्या आवृत्तीत तीस अश्वशक्तीहून थोडा अधिकच जोर. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे ड्रमवर भागवले. म्हणजे धावण्याची विद्या पुरी आणि थांबण्याची अपुरी! पेट्रोल तर ती पाण्यासारखे पिई. काटकसरीच्या त्या काळात तिला गिऱ्हाईक बेताचेच मिळाले यात नवल नाही. मी कॉलेजात असताना वरच्या वर्गातल्या एका मुलाने मला मागे बसवून नेले होते. सुरुवातीला ती साध्या गाडीसारखीच चालली. मग इंजिनाचे फेरे वाढले, एकाएकी कोणी पाठीत ढकलल्यासारखे झाले, आणि तेवढ्या वेळात मला ठाऊक असलेली सारी स्तोत्रे आठवली. या दोन्ही गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळते, म्हणून मागे निळसर धूर राहतो. तो धूर वाईटच. त्याच्या आठवणीने कोणी हळवे होत असेल तर त्याने तो शहरात परत मागू नये.

तिसरी बुलेट, आणि इथे माझा निःपक्षपातीपणा संपतो, कारण बुलेट आमच्या मामाची आहे. रॉयल एनफील्ड हे मूळचे इंग्लंडातले नाव. 1955 साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला. पण मद्रासची बुलेट चालूच राहिली आणि 1977 पासून इंग्रजांनाच विकली जाऊ लागली. मुलीने माहेर सांभाळावे तसे हे झाले. तिच्या सिलिंडरची रुंदी 70 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 90. धाव लांब, आतले चाक जड. म्हणून ती उभी असतानाही ठोका सावकाश आणि एकेक मोजून पडतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. दुसऱ्या गाडीवरून येणाऱ्याने आधी आपले पाय बदलून घ्यावेत.

तिला सुरू करणे हा तर एक संस्कारच आहे. किक हळू दाबत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा. मग डाव्या हाताशी असलेली बारीक कळ दाबून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच लांब, भरपूर दाब. घाई केली तर ती उलटा तडाखा देते. मामा म्हणतो, ‘‘लाथ नको मारूस रे, ती काय म्हैस आहे? पायानं विचार तिला.’’

मला वाटते, या गाड्यांचे थोरपण अश्वशक्तीत नाही. त्या अनोळखी माणसाचे ऐकत नाहीत, यात आहे. आजची गाडी बटण दाबणाऱ्या कुणाचीही होते. जुनी फटफटी शिकून घेतल्याशिवाय कुणाची होत नाही, आणि शिकवायला माणूस लागतो.

मामा आता अठ्याहत्तरचा आहे. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी किक बंद केली. मामी म्हणाली, ‘‘गाडी देऊन टाका, जिन्याखाली जागा तरी होईल.’’ गिऱ्हाईकही आले, पुण्याचे. त्यांना ती आपल्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. मामाने किंमत विचारली नाही. ‘‘सुरू करून दाखवा’’ एवढेच म्हणाला. त्या गृहस्थांनी घाम गाळला, चहा घेतला आणि ते परत गेले.

त्या रात्री मामाचा मला फोन आला. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी कोल्हापूरला जातो. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, काठी मांडीवर आडवी घेतो आणि डोळे मिटतो. परवा तिसऱ्या किकला ती बोलली. ठोके जिन्याखालून अंगणात आले. मामी दारात येऊन उभी राहिली, पण जागेचे काही बोलली नाही. मामाने बराच वेळ ऐकून घेतले, आणि डोळे न उघडताच म्हणाला, ‘‘अजून घाई करतोस. पुढच्या खेपेला लवकर ये.’’